दोन अंश मागे

महांतेश हत्तुरे डबा घेऊन आला
तेव्हा अक्कलकोट रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं.
काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा,
चार वायरी, एक गोल खुंटी,
खुंटीच्या मधोमध शून्य,
एका अंगाला पुढे, एका अंगाला मागे.
"बसवून द्या की येमूल मामा. टर्बोची गाडी आहे,
पण विजापूर रोडला ओढतच नाही बघा."

मी आधी त्याला पाणी दिलं.
चव्वेचाळीस अंशांच्या दुपारी
कुणाचंही ऐकून लगेच बॉनेट उघडू नये.

माझा बाप जॉबर होता,
पूर्व भागातल्या एका कारखान्यात, चोवीस मागांवर.
धोटा कधी सुटावा हे तो ठरवायचा.
ताण्याच्या सुतांनी तोंड उघडलं की सुटला पाहिजे.
आधी सुटला तर सुतं तोडत जातो,
उशिरा सुटला तर मधेच अडकतो
आणि सगळा माग दणका खातो.
त्या आवाजात त्याचे कान गेले.
शेवटची दहा वर्षं
तो लोखंडावर तळहात ठेवून ऐकायचा
आणि मग पाना मागायचा.

हे महांतेशला सांगितलं नाही.
एवढंच सांगितलं, की पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी पडते,
कारण आग पसरायला वेळ लागतो.
टर्बोनं हवा कोंबली की आगच घाई करते,
तेव्हा ठिणगीनं थोडं थांबायचं असतं.
हा डबा तिला थांबवतो, हे त्याचं पुण्य.
आपल्या पेट्रोलवर, आपल्या उन्हात
त्यानं वाचलेले पिस्टन मी पाहिलेत.
पण खुंटी दुसऱ्या अंगालाही फिरते.

आणि डबा खोटं बोलतो, म्हणलो.
क्रँकच्या सेन्सरचा निरोप वाटेत अडवून
थोडा बदलून गाडीच्या संगणकाला देतो.
संगणक बिचारा भरवसा ठेवतो.
कंपनीवाले ठेवत नाहीत.
वॉरंटीचा कागद घडी करून कपाटात टाक.

"आणि फार मागे घेतली तर?"
पोरगं हुशार.
तर आग सिलिंडरात संपत नाही,
उरलेली तशीच बाहेर पडते
आणि टर्बो लोहाराच्या भट्टीसारखा लाल होतो.
मागे जायचं तेही जपूनच.

दोन अंश मागे ठेवून निघालो.
रात्रीचे दहा, सोरेगावच्या पुढे रस्ता मोकळा.
तिसऱ्या गियरला त्यानं दाबलं,
माझी मान सीटला टेकली,
मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.
मग माझ्याकडे न बघता
त्यानं हात डॅशबोर्डखाली घातला.

आवाज आला. एवढासा.
पत्र्याच्या डब्यात कुणी शेंगदाणे हलवावेत तसा.
त्यानं गाणी लावली होती, त्याला ऐकू आलं नाही.
मी तळहात डॅशबोर्डवर ठेवला.
"तोंदर पडकु रा," तोंडातून निघालं,
बापाचं, बापाच्याच आवाजात.
"काय म्हणलात?"
घाई करू नको म्हणलो. गाडी बाजूला घे बे.

बाभळीखाली, मोबाइलच्या उजेडात
खुंटी परत दोनावर आणली,
वर एम-सीलची गोळी दाबली, अंगठ्यानं.
सुकायला तास लागतो.
तेवढा वेळ तो स्वतःच्या लग्नाचं बोलत बसला.
मुलीकडच्यांना मे महिन्यातच हवं होतं.

दिवाळीत सर्व्हिसिंगला आला.
एम-सील जागेवर होतं,
माझ्या अंगठ्याचा ठसाही.
कडेला ब्लेडनं खरवडल्याची एक रेघ,
बोटभर जाऊन थांबलेली.
मी विचारलं नाही.
तो फळीकडे बघत होता,
जिथं मी अगरबत्त्या खोचतो
त्या कुणाच्या तरी वितळलेल्या पिस्टनकडे,
त्याच्या मधल्या भोकाकडे.